नोंदवहीतली परिचारिका

दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन २०१३ पासून उभे आहे. मंत्रालयातल्या खेपा, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा, संसदेतल्या भेटीगाठी यांसाठी आलेली मराठी मंडळी तिथे उतरतात. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवली तेव्हा हा रस्ता कर्झन रोड होता. स्वातंत्र्यानंतर त्याला कस्तुरबांचे नाव मिळाले. बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय आणि कैदेत प्राण सोडणारी सत्याग्रही यांची नावे एका रस्त्याने वाहिली, एवढ्यापुरतीच ही गोष्ट नाही. शुश्रूषेच्या इतिहासातही ही दोन्ही नावे येतात. कर्झन यांच्या पत्नीने १९०३ मध्ये सुइणींना शिकवण्यासाठी निधी उभा केला. कस्तुरबांच्या स्मरणार्थ १९४५ मध्ये निघालेल्या न्यासाने खेड्यातल्या बायकांना बाळंतपणाचे आणि आरोग्याचे शिक्षण दिले. मधल्या चाळीस वर्षांत या देशात शुश्रूषा हा कायद्याच्या चौकटीतला व्यवसाय झाला. ती चौकट कोणी आखली, तिच्यात परिचारिकेवर काय काय टाकले गेले आणि तिच्यासाठी काय राखायचे राहून गेले, त्याची ही हकिकत.

सुईण आणि सर्टिफिकेट

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानातली बहुतेक बाळंतपणे घरी आणि सुइणीच्या हातून होत. बाळंतपण विटाळाचे मानले जाई, म्हणून ते काम गावगाड्यात खालच्या ठरवलेल्या जातींतल्या बायकांकडे असे. तिचे ज्ञान सासूकडून किंवा आईकडून आलेले. तिला मिळणारा मोबदला म्हणजे लुगडे, धान्य, मुलगा झाला तर थोडे जास्त. नाळ कशाने कापली, हात धुतले होते का, हे विचारणारे कोणी नव्हते आणि बाळंतीण दगावली तर सुइणीला जाब विचारण्याची सोयही नव्हती.

१८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या निधीतून स्त्रियांसाठी दवाखाने आणि स्त्री डॉक्टर यांची व्यवस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल उघडले, तिथे डॉ. एडिथ पेची यांनी परिचारिकांच्या शिक्षणाचाही पाया घातला. परिचर्येच्या भारतीय इतिहासात शिक्षणासाठी दाखल झालेली पहिली हिंदी स्त्री म्हणून १८९१ सालच्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव घेतले जाते. शहरात अशी सुरुवात झाली, पण सुईण जिथल्या तिथेच होती.

इंग्लंडमध्ये १९०२ साली सुइणींच्या नोंदणीचा कायदा झाला. पुढच्या वर्षी लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने शिष्यवृत्ती निधी काढला. पिढीजात सुइणींना विद्यावेतन देऊन दवाखान्यात बोलवायचे, स्वच्छतेचे धडे द्यायचे आणि शेवटी सर्टिफिकेट द्यायचे, अशी ती योजना होती. इंग्लंडच्या कायद्यातली महत्त्वाची गोष्ट मात्र इथे आली नाही. तिकडे नोंद नसलेल्या बाईला सुईण म्हणवून घेता येईना. इकडे सर्टिफिकेट घेतलेली आणि न घेतलेली, दोघी एकाच गल्लीत काम करत राहिल्या. शिकलेल्या सुइणीला घरची मंडळी जास्त पैसे देत नव्हती आणि न शिकलेलीला कोणी अडवत नव्हते. शिकवले खरे, पण जबाबदारी ठरवली नाही. पुढच्या तीस वर्षांतली सगळी खटपट ही उणीव भरून काढण्याची आहे.

ससूनच्या वाटेवर

मराठी मुलखात या खटपटीला एक वेगळाच पदर आहे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी तिथल्या बायकांना ससून हॉस्पिटलात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्याही होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रक्त-मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, यांतली प्रत्येक गोष्ट त्या काळच्या पुण्यात बोभाटा व्हायला पुरेशी होती. रमाबाईंनी यावर काढलेला तोडगा व्यवहारी होता. या मुलींसाठी वसतिगृह काढले, तिथे देखरेख ठेवली आणि स्वतःचे नाव त्यांच्या पाठीशी उभे केले.

यात जबाबदारीचे एक जुने रूप दिसते. परिचारिका उत्तरदायी कोणाला? वॉर्डात मेट्रनला, वसतिगृहात संस्थेला, बाहेर समाजाला. तिच्याकडून औषध चुकले तर नोकरी जाई. उशिरा परत आली तरीही नोकरी जाई. व्यवसायातली चूक आणि वागणुकीतला दोष यांच्यात फरक करणारे कोणी नव्हते. कामावर ठेवणाऱ्याची मर्जी हाच तिचा कायदा होता.

परिचारिकांनी स्वतःची संघटना याच सुमारास उभी केली. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ मध्ये स्थापन झाली आणि १९१० पासून तिचे ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ निघू लागले. सुरुवातीला तिच्यात युरोपियन मेट्रनांचा भरणा होता. उत्तरेत आणि दक्षिणेत मिशन हॉस्पिटलांनी परीक्षा मंडळे काढली. मुंबई इलाख्यातही इलाख्याच्या नर्सिंग असोसिएशनने शिक्षणाचा आणि परीक्षांचा एक दर्जा बांधायचा प्रयत्न केला. पण ही सगळी खासगी मंडळे होती. त्यांचे सर्टिफिकेट मानायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनावर.

नाव नोंदले की काय होते

परिचारिकांची सरकारी नोंदवही असावी का, यावर इंग्लंडमध्येच तीस वर्षे वाद चालला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या नोंदणीच्या विरोधात होत्या. चांगल्या परिचारिकेचे गुण परीक्षेत मोजता येत नाहीत, आणि वहीत नाव चढले की ते आयुष्यभर टिकते, मग ती पुढे कशीही वागो, असे त्यांचे म्हणणे होते. नोंदणीची मागणी लावून धरणाऱ्या एथेल बेडफर्ड फेनविक यांना हे पटत नव्हते. डॉक्टरांची नोंदवही असू शकते तर परिचारिकांची का नाही, आणि ती नसेल तर कोणतीही बाई पांढरे कपडे घालून रुग्णाच्या उशाशी बसेल, त्याला रोखणार कोण? नाइटिंगेल १९१० मध्ये वारल्या. महायुद्धानंतर १९१९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि नोंदवही उघडली तेव्हा त्यातले पहिले नाव फेनविकबाईंचे होते.

त्या कायद्याचा धक्का हिंदुस्थानापर्यंत पोहोचला. इथे शिकलेल्या परिचारिकेला तिकडे मान्यता हवी असेल तर इथेही सरकारमान्य नोंदवही हवी, असा प्रश्न उभा राहिला. मद्रास इलाख्याने १९२६ मध्ये परिचारिका आणि सुइणींचा कायदा केला. पंजाबने १९३२ मध्ये केला. दिल्लीतही पुढे अनेक वर्षे तोच पंजाबी कायदा लागू होता. राजधानीच्या शहराला स्वतःचा नर्सिंग कौन्सिल कायदा मिळायला १९९७ साल उजाडले. मुंबई इलाख्याचा नोंदणी कायदा १९३५ चा. त्यात परिचारिका, सुइणी आणि घरोघर जाणाऱ्या आरोग्य अभ्यागत अशा तिघींना एकत्र आणले होते. नागपूर-वऱ्हाड ज्या मध्य प्रांतात होते, तिथे १९३६ मध्ये कायदा झाला.

कायद्यांची भाषा निरनिराळी असली तरी सांगाडा एकच होता. एक परिषद असेल. ती शाळांना मान्यता देईल, परीक्षा घेईल, उत्तीर्ण झालेल्यांची नावे वहीत चढवील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गंभीर गैरवर्तन सिद्ध झाले तर म्हणणे ऐकून घेऊन नाव काढून टाकील. या ‘म्हणणे ऐकून घेऊन’ मध्ये मोठी क्रांती होती. मेट्रनने रागाने काढून टाकलेली परिचारिका दुसऱ्या हॉस्पिटलात काम शोधू शकत असे. परिषदेने नाव काढलेल्या परिचारिकेला ती वाट उरली नाही. उलट, मेट्रनपुढे तिला बोलता येत नव्हते, परिषदेपुढे बोलता येऊ लागले. शिक्षा कडक झाली आणि सुनावणीचा हक्कही मिळाला. व्यवसाय म्हणून मान मिळतो तो या दोन्हींच्या बदल्यात, हे परिचारिकांच्या संघटनांनी ओळखले होते, म्हणूनच त्या स्वतः नोंदणीची मागणी करत होत्या.

एक मोठी अडचण राहिलीच. प्रत्येक प्रांताची वही वेगळी, अभ्यासक्रम वेगळा. मुंबईत नोंदलेली परिचारिका दिल्लीला गेली की तिची पात्रता पुन्हा नव्याने पाहिली जाई.

३१ डिसेंबर १९४७

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्यातला परिचर्येविषयीचा आकडा आजही वाचताना थबकायला होते. सबंध हिंदुस्थानात नोंदलेल्या परिचारिका सुमारे ७,०००. म्हणजे साधारण ४३,००० माणसांमागे एक. महायुद्धात लष्कराला परिचारिका हव्या होत्या तेव्हा ही चणचण सरकारला प्रथम नीट टोचली होती. ज्या वर्षी अहवाल आला त्याच १९४६ मध्ये दिल्लीत नर्सिंगचे महाविद्यालय सुरू झाले आणि वेल्लोरबरोबर तिथेही परिचर्येची पदवी मिळू लागली.

याच काळात कस्तुरबांचे नाव या इतिहासात येते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ डॉ. सुशीला नय्यर होत्या, प्रभावती होत्या, मनू होती; शुश्रूषा करणारी बहुतेक माणसे आपल्याच घरची, आपल्याच आश्रमातली. देवदास गांधींनी पेनिसिलिन मिळवले होते. ठरावीक तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी ते नाकारले. कस्तुरबांच्या स्मारकासाठी देशाने पैसे जमवले आणि गांधीजींच्या आग्रहाने ते खेड्यातल्या बायका-मुलांसाठी राखून ठेवले गेले. कस्तुरबा न्यासाने ग्रामसेविका घडवल्या. त्यांच्या शिक्षणात बाळंतपणाची मदत आणि आरोग्य होते. सेवाग्रामला सुशीलाबाईंनी सुरू केलेल्या दवाखान्याचे कस्तुरबा हॉस्पिटल झाले. सुशीलाबाई पुढे १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री होत्या.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या कारकिर्दीत इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. त्याला मंजुरी मिळाली ती ३१ डिसेंबर १९४७ रोजी. फाळणीच्या निर्वासितांनी दिल्ली भरून गेली होती, छावण्यांत पटकी-देवीची भीती होती, आणि अशा वेळी परिचारिकांच्या पात्रतेचा कायदा संमत होत होता. देशभर एक दर्जा असावा, एका प्रांताची पात्रता दुसऱ्याने मानावी, हा त्याचा उद्देश. पुढे १९५७ च्या दुरुस्तीने देशाच्या एकत्रित नोंदवहीचीही तरतूद झाली.

या परिषदेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. राज्यांच्या परिषदांतून निवडून आलेल्या परिचारिका तिच्यात होत्या. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनची एक जागा होती. त्याचबरोबर डॉक्टरांच्या इंडियन मेडिकल असोसिएशनचीही एक जागा होती, मेडिकल कौन्सिलचीही होती, आणि राज्यांचे मुख्य वैद्यकीय अधिकारी पदसिद्ध सभासद होते. परिचारिकेचा अभ्यासक्रम ठरवताना डॉक्टरांचे मत असावे, हे समजण्यासारखे आहे. पण मेडिकल कौन्सिलच्या रचनेत परिचारिकेसाठी अशी जागा नव्हती. वॉर्डातली उतरंड कायद्यातही तशीच उतरली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९५४ मध्ये मुंबई राज्याने जुना कायदा बदलून नवा आणला. पण १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा विदर्भ मध्य प्रांताच्या कायद्याखाली होता, आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबईच्या. ही खिचडी मिटवून सबंध राज्याला एक वही देणारा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ मध्ये झाला. मुंबईतली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल चालत आली ती याच कायद्यावर.

न्यायालयाची पायरी

पहिली पन्नास वर्षे परिचारिकेची चूक हा वॉर्डाचा, फार तर परिषदेचा विषय होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवेला ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणले आणि रुग्ण थेट नुकसानभरपाई मागू लागला. कस्तुरबा गांधी मार्गाच्या इंडिया गेटकडच्या टोकापासून टिळक मार्गावरचे सर्वोच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर नसले तरी फार लांबही नाही. तीनच वर्षांनी तिथे दिल्ली परिसरातलेच एक प्रकरण आले आणि परिचारिकेच्या नोंदणीचा अर्थ त्याने सगळ्यांना नव्याने समजावून दिला.

डिसेंबर १९९३ मध्ये विषमज्वर झालेले एक लहान मूल स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलात दाखल होते. तिथल्या परिचारिकेने सांगितलेले इंजेक्शन वडिलांनी आणून दिले. तिने ते शिरेतून दिले. मूल आईच्या मांडीवरच कोसळले, हृदय थांबले, मेंदूला इजा झाली आणि ते कायमचे परावलंबी झाले. चौकशीत निघाले की दिलेली मात्रा मोठ्या माणसाची होती. ज्येष्ठ डॉक्टरांनी इंजेक्शन निवासी डॉक्टरने स्वतः द्यावे असे सांगितले होते, त्याने ते परिचारिकेवर सोडले. आणि ती परिचारिका कोणत्याही राज्याच्या परिषदेत नोंदलेली नव्हती.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी पाच लाख रुपये भरपाई ठरवली. २५ मार्च १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाने बोट ठेवले ते एकट्या परिचारिकेवर नाही. अपात्र व्यक्तीला परिचारिका म्हणून ठेवणारे आणि लहान मूल तिच्या हवाली करणारे हॉस्पिटल स्वतः दोषी ठरले. काम दुसऱ्यावर ढकलणारा डॉक्टरही ठरला. लेडी कर्झन यांच्या योजनेत जी गोष्ट राहून गेली होती, ती पंचाण्णव वर्षांनी एका निकालातून नीट मांडली गेली. वही पाहिल्याशिवाय कामावर ठेवणे हाच गुन्हेगारीच्या जवळ जाणारा निष्काळजीपणा आहे, आणि त्याची किंमत मालकाने मोजायची आहे.

हा निकाल वाचताना परिचारिकांच्या कामातले रोजचे नियमही नव्या वजनाने दिसू लागतात. तोंडी आदेशावर औषध देऊ नये, दिलेले औषध वेळेसह लिहून ठेवावे, शंका आली तर पुन्हा विचारावे, पाळी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या सिस्टरला नीट सोपवावी. शाळेत शिकताना हे शिस्तीचे पाठ वाटतात. न्यायालयात तेच पुरावे ठरतात. जे केसपेपरवर लिहिलेले नाही ते केलेच नाही, असे धरले जाते. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २००६ मध्ये आचारसंहिता काढली तेव्हा त्यात रुग्णाची संमती, त्याची गोपनीयता, त्याचा स्वतःविषयी निर्णय घेण्याचा हक्क या गोष्टीही लेखी आल्या.

कायद्यात न बसणारी सेवा

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाली काढलेले दुसरे प्रकरण मात्र अगदी उलट्या दिशेचे आहे. अरुणा शानबाग ही हळदीपूरची मुलगी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी हॉस्पिटलाच्या तळघरात तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. आरोपीवर चोरी आणि जीवघेण्या हल्ल्याचे आरोप सिद्ध झाले. लैंगिक अत्याचाराचा आरोप लावलाच गेला नाही. सात वर्षांनी तो सुटला.

त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. त्यांची मागणी कामाच्या जागी सुरक्षिततेची होती. वॉर्डात काय चुकले तर परिचारिकेने जबाब द्यायचा, हे चाळीसेक वर्षांपूर्वीच ठरले होते. परिचारिकेला वॉर्डात काही झाले तर कोणी जबाब द्यायचा, हे १९७३ मध्ये कोणत्याच कायद्यात नीट लिहिलेले नव्हते. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवकांवरील हिंसेविरुद्धचा कायदा व्हायला २०१० साल लागले.

केईएमच्या परिचारिकांनी अरुणाला वॉर्ड क्रमांक चारमध्ये बेचाळीस वर्षे सांभाळले. महापालिकेने तिला तिथून हलवायचा घाट घातला तेव्हा त्या आडव्या आल्या. अरुणाला पाहिलेल्या पिढ्या निवृत्त झाल्या, तिला फक्त त्या खाटेवरच ओळखणाऱ्या मुली आल्या, आणि शुश्रूषा चालू राहिली. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्यासाठी दयामरणाची मागणी केली. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. कडक अटींखाली जीवरक्षक उपचार थांबवता येतील हे तत्त्व त्यांनी मान्य केले. मात्र अरुणाच्या बाबतीत तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे सांगितले. त्यांचे म्हणणे होते की अरुणा जगावी. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली.

कायद्याच्या अभ्यासात हा निकाल दयामरणासाठी शिकवला जातो. परिचर्येच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळे आहे. नातेवाईक नसलेल्या, कोणत्याही कलमाने बांधलेल्या नसलेल्या बायकांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका रुग्णाच्या वतीने बोलण्याचा मान दिला, आणि तो त्यांनी दशकानुदशके केलेल्या कामावरून दिला. डॉक्टरच्या आदेशाचे पालन करणारी, ही परिचारिकेची जुनी व्याख्या त्या दिवशी अपुरी ठरली.

जाब एकीला, माणसे चाळीस

त्याच दशकात परिचारिकांनी स्वतः दिल्लीतल्या न्यायालयाचे दार ठोठावले. खासगी हॉस्पिटलांतला पगार इतका कमी होता की सरकारी परिचारिकेच्या पगाराशी त्याची तुलनाच होईना. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितले. समितीने हॉस्पिटलच्या खाटांवरून प्रमाण सुचवले: २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराएवढा, आणि ५० पेक्षा कमी असतील तरी २०,००० रुपयांहून कमी नाही. शिफारस झाली, पण अंमल राज्यांवर सोपवला गेला.

पगारापेक्षा मोठा प्रश्न माणसांच्या मोजणीचा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार शिक्षण देणाऱ्या हॉस्पिटलात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, इतर हॉस्पिटलांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकामागे एक. रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असणे सरकारी हॉस्पिटलांत कोणाला नवल वाटत नाही. निकष मोडले म्हणून हॉस्पिटलला दंड झाल्याचे मात्र सहसा ऐकू येत नाही.

२०२१ साली महाराष्ट्राने याचा परिणाम दोनदा पाहिला. ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागाला आग लागली. दहा बालके गेली, सात वाचवता आली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. दोन्ही ठिकाणी परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. नगरला तीन परिचारिकांना अटकही झाली. राज्यभरच्या परिचारिका संघटना रस्त्यावर आल्या. वॉर्डात कोण होते, कोण नव्हते, हे तपासणे पोलिसांचे काम आहे, आणि जिथे हलगर्जी झाली तिथे जाब द्यावाच लागेल. पण विजेची वायरिंग, आग विझवण्याची यंत्रणा, एका पाळीला किती माणसे ठेवायची याचा निर्णय यांपैकी काहीही परिचारिकेच्या हातात नसते. १९९८ च्या निकालाने मालकाकडे वळवलेले बोट पोलीस ठाण्यात पुन्हा खाटेजवळच्या बाईकडे वळले.

नवी वही, नवे कलम

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने १९४७ चा कायदा रद्द करणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत केला. ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. राज्यांच्या परिषदांतून निवडून येणाऱ्यांऐवजी मुख्यतः नेमलेल्या २९ सभासदांचा आयोग, शिक्षण, मूल्यमापन, आणि नीती व नोंदणी यांसाठी तीन स्वतंत्र मंडळे, राष्ट्रीय पातळीवरची नोंदवही. नोंद नसताना परिचारिका म्हणून काम केले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अध्यक्ष परिचर्येतल्याच, किमान वीस वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीने व्हायचे, हा या कायद्याचा चांगला भाग. निवडणूक गेली, हा दुसरा भाग. जी नोंदवही परिचारिकांनी मागितली होती, ती चालवणाऱ्यांना निवडण्याचा हक्क त्यांच्या हातून सुटला.

आणि १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंड संहितेच्या ३०४ अ कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कोणालाही जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. डॉक्टर असो, परिचारिका असो किंवा ट्रक ड्रायव्हर. नव्या संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत गेली. त्याच कलमात एक अपवाद आहे. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून असे घडले तर कैद दोन वर्षांपर्यंतच. आणि हा व्यवसायी म्हणजे वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर, अशी व्याख्या कलमातच दिली आहे. परिचारिकेचे नाव वेगळ्या वहीत आहे. एकाच खाटेजवळ, एकाच चुकीत सामील झालेल्या दोघांपैकी डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि सिस्टरला पाच.

शंभर वर्षांपूर्वी नोंदणीची मागणी करणाऱ्या परिचारिकांना वाटत होते की नाव वहीत चढले की व्यवसायाला डॉक्टरांसारखा दर्जा मिळेल. वही मिळाली, परीक्षा मिळाल्या, परिषद मिळाली, आणि शेवटी फौजदारी कायद्याने त्यांची वही आणि डॉक्टरांची वही यांच्यात तीन वर्षांच्या तुरुंगवासाचे अंतर ठेवले. ते मिटवायला १०६ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात परिचर्येच्या नोंदवहीचा उल्लेख घालणारी एक ओळ पुरेशी आहे. त्याहून अवघड, पण त्याहून गरजेची दुरुस्ती म्हणजे एका परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत हा आकडा सल्ल्यातून उचलून कायद्यात घालणे, आणि तो मोडणाऱ्या हॉस्पिटलला शिक्षा ठेवणे. परिचारिकेने जाब कशाचा द्यायचा हे कायद्याने १९३५ पासून ठरवत आणले आहे. तिला जाब देण्याजोग्या परिस्थितीत काम करू देण्याची जबाबदारी कोणाची, हे आता त्याने ठरवायचे आहे.